सात जुड्यांची गाडी

कॅलेंडरचं एकच पान उरलं होतं, डिसेंबरचं, आणि छापखान्याला फाइल सोमवारी द्यायची होती. म्हणजे हातात फक्त रविवार होता.

आम्ही तिघं दरवर्षी मालगाड्यांचं कॅलेंडर काढतो. हौस म्हणून. दोनशे प्रती नातेवाइकांत वाटतो आणि वर्ष संपलं की ते त्याची मुलांच्या वह्यांना कव्हरं घालतात. हर्षल पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे, जीवनकाकांचं पंचवटीत औषधांचं दुकान आहे आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कॅलेंडरचा नियम काकांनी केलेला आहे : इंजिनाचा नंबर चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे. तीन वर्षांत माझं एकही पान लागलं नव्हतं. माझ्या फोटोंत ऊन, आकाश, शेतं सगळं नीट असतं. फक्त इंजिनासमोर खांब येतो. गेल्या वर्षीचं कॅलेंडर आईने दोनदा उलटून पाहिलं आणि 'मंजुषा, तुझं पुढच्या वर्षी येईल' असं म्हणून ती वाल सोलायला बसली.

यंदा उरलेलं पान मला द्यायचं ठरलं होतं. अर्थात फोटो नियमात बसला तर.

रविवारी दहा वाजता आम्ही कसबे सुकेण्याच्या फाटकाजवळच्या टपरीवर बसलो. मालगाडीला वेळापत्रक नसतं, पण व्हॉट्सॲपवर मित्रांचे निरोप आले होते. तीन गाड्या येणार होत्या. लासलगावकडून कांदा, मनमाडकडून कोळसा आणि नाशिकरोडहून नवे कोरे लाल ट्रॅक्टर. हर्षलने ट्रॅक्टरना मत दिलं, मी कांद्याला आणि काकांनी कोळशाला. त्यांचं म्हणणं असं की कोळसा कधीच वेळेवर येत नाही, त्यामुळे आपल्यालाही उशीर होत नाही. आमचं मतदान दर रविवारी असंच एकेकावर अडतं. यावर उपाय म्हणून मी कोष्टक केलं होतं. प्रकाशाला चार गुण, रंगाला तीन, गाडी खरोखर येण्याच्या शक्यतेला तीन. काकांनी चष्मा पुसून ते वाचायला घेतलं. प्रत्येक आकड्यावर त्यांना शंका होती. पाऊण तास गेला.

तेवढ्यात काकांच्या पाठीमागून कोळशाची गाडी गेली. आम्ही तिघांनी माना वळवून शेवटचा डबा पाहिला.

"कोळशाला शून्य गुण द्या," हर्षल म्हणाला.

आता दोन उरल्या. बेरीज कांद्याची सात पूर्णांक तीन आणि ट्रॅक्टरांची सात पूर्णांक चार आली. स्वतःच्या कोष्टकापुढे मला माघार घ्यावी लागली. हर्षलच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांमध्ये बसून आम्ही रुळांच्या दक्षिणेला एका बांधावर पोचलो. दक्षिणेला, कारण ऊन त्या बाजूचं होतं. ट्रॅक्टर पलीकडच्या रुळावरून येणार होते आणि अलीकडचा रूळ मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे कांद्याचा. कांद्याची गाडी एका एक्स्प्रेसला वाट देत सुकेणे स्टेशनात थांबलेली होती. ती कधी सुटेल, कुठल्या वेगाने येईल, हे मी वहीत मांडलं. कांदा आमच्यासमोर अकरा चोवीसला. ट्रॅक्टर अकरा सव्वीसला. मध्ये दोन मिनिटं मोकळी. खांब कुठे येतो तेही मी या वेळी पावलांनी मोजलं.

बांधाखाली मालनबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. शेत त्यांचंच. कुठली गाडी पाहिजे, असं त्यांनी विचारलं. मी ट्रॅक्टरांची सांगितली आणि कांद्याची आधी निघून जाईल हेही समजावलं. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं.

"कांद्याची लय लांब आसती, ताई. सात जुड्या व्हत्यात तवा सरती."

मी हसून मान हलवली. जुडी हे मोजमाप नाही, असं मला वाटलं.

अकरा चोवीसला कांद्याचं इंजिन आमच्यासमोरून गेलं. मिनिटाचाही फरक नाही. माझी छाती अभिमानाने फुगली. मागोमाग पहिला बंद डबा आला, मग दुसरा, मग दहावा. गाडी नुकती सुटलेली, वेग ताशी वीस. विसाव्या डब्याला माझ्या लक्षात आलं की मी कांद्याची गाडी एक बिंदू म्हणून धरली होती. पुस्तकात सगळ्या गाड्या बिंदूच असतात. मुलांनाही मी तेच शिकवते. या बिंदूला बेचाळीस डबे होते.

सहाशे पंचेचाळीस मीटर भागिले वेग. एकशे सोळा सेकंद. पलीकडून ट्रॅक्टरांच्या इंजिनाचा भोंगा वाजला. हर्षल कपाळाला हात लावून क्रेटवर बसला. काका हळू आवाजात म्हणाले की, डिसेंबरला कोळशाचा जुना फोटो घालू, काही बिघडत नाही.

मी मात्र कॅमेरा खाली घेतला नाही. एकशे सोळा म्हणजे एकशे वीस नव्हे; दोन मिनिटांतले चार सेकंद उरत होते. शेवटचा गार्डचा डबा आला. त्याच्या उघड्या सज्जात गार्ड उभा होता. समोरून येणाऱ्या गाडीला 'सगळं ठीक' दाखवायला त्याने हिरवा झेंडा धरला होता आणि नेमकी जेवणाची वेळ साधल्यामुळे त्याच्या तोंडात अख्खा मुळा होता, पाल्यासकट. मी बटण दाबलं.

"सात," खालून मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी जुडी पाटीत टाकली.

कॅमेऱ्यावर फोटो पाहिला. मध्यभागी गार्ड. झेंडा आणि पाला एकाच हिरव्या रंगाचे. त्याच्या खांद्याच्या वर, सज्जातून आरपार, पलीकडच्या इंजिनाची बाजू आणि तिच्यावरचा नंबर. खांब कुठेही नव्हता. हर्षल म्हणाला, हा मुळ्याचा फोटो आहे, गाडीचा नाही. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कॅमेरा हातभर लांब धरला आणि पाचही आकडे मोठ्याने वाचले.

"नंबर वाचता येतो," ते म्हणाले. "मुळा चालणार नाही असं नियमात कुठं लिहिलंय?"

हर्षलने नियम पुन्हा आठवून पाहिला. तसं नव्हतं.

मालनबाईंना कॅलेंडर द्यायला गेले तेव्हा त्यांनी मुळा बराच वेळ निरखला. असला मुळा कोणाच्या शेतातला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आईने मात्र ते एक जानेवारीपासूनच डिसेंबरवर उघडून स्वयंपाकघरात टांगलं आहे. चतुर्थी कधी आहे हे बघायला ती शेजारच्या विमलाबाईंकडे जाते.