समुद्राचा पलीकडचा काठ

लाल पेन्सिल वहीच्या पानावर टेकलीच होती, आणि तिथेच अडकली. पान कोरं नव्हतं. वर फिकट निळं, खाली गडद निळं, मधे पट्टीनं ओढलेली एक रेघ... बस्स. राहिलेलं चित्र मागे काढलंय की काय, म्हणून अभिमन गुरुजींनी पान उलटून पाहिलं. मागे सतराचा पाढा होता.

चौथीच्या बाकीच्या एकोणचाळीस वह्यांत समुद्र अगदी जागच्या जागी होता — अलीकडे वाळू, मधे पाणी, पाण्यात बेट, आणि पलीकडे काठ. काठावर कुणी बाभळी काढल्या होत्या, कुणी मारुतीचं देऊळ. आधार नावाच्या पोराच्या काठावर तर एक म्हैस धुऊन निघत होती. वर्गाची शिस्तच होती तशी. काठच नसेल तर पाणी थांबेल कशाच्या आधारानं? — हा प्रश्न ते सोळा वर्षं विचारत आले होते, आणि पिंपळनेरजवळच्या या शाळेत सोळा वर्षांत एकाही पोराला त्याचं उत्तर आलं नव्हतं.

भूरूपं शिकवावीत तर अभिमन गुरुजींनीच, असं तालुक्यातले शिक्षकही म्हणत. डोंगराचे त्रिकोण काढून मधोमध सूर्य बसवणाऱ्या पोरांना ते अंगणात नेत आणि समोरच्या डोंगराच्या कडेवरून हवेतल्या हवेत बोट फिरवायला लावत. "कुठे आहे टोक? दाखव मला टोक! माथा बघ, पाटासारखा सपाट... पाहिलं ते काढा, नाही पाहिलं ते काढू नका." डोंगर, खिंड, पठार, दरी — सगळं अंगणातून दिसायचं. समुद्र तेवढा दिसत नव्हता. पण समुद्र मी पाहिला होता ना! अख्ख्या गावात पाहिलेला मीच एक...

लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. मेहुणा भाईदास सुरतेच्या गिरणीत कामाला, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात डोळे चोळत तो त्यांना आणि त्यांच्या बायकोला, कुंदाला, पाण्याकाठी घेऊन गेला आणि म्हणाला, "ल्या दाजी, हाऊ समुद्र." पाणी रुंद होतं, त्याबद्दल वाद नाही, पलीकडे धुराडी होती. गुरुजींनी वाकून बोट बुडवलं, चाखलं. खारं नव्हतं. "पावसाळा शे ना दाजी," भाईदास जांभई देत म्हणाला, "मीठ पातळ व्हई गयं." आणि कुंदा, पदर सावरत, अगदी हळू — "पांझराले पूर उना म्हंजे अशीच दिखस."

केवढा डाफरलो मी तिच्यावर! तुला काय कळतं भूगोलातलं... घर येईपर्यंत एसटीत ती बोलली नाही, आणि पुढे कधीही समुद्राचा विषय निघाला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवे.

म्हणजे तेव्हाच... छे. बोटाला कळलं होतं, जिभेला कळलं होतं. डोक्यानं तेवढं मनावर घेतलं नव्हतं. आणि जुना विद्यार्थी झुलाल? मुंबईला नोकरीला लागल्यावर दिवाळीत पाया पडायला आला होता. समुद्र पाहिलास का रे, विचारलं. देखा ना गुरुजी, म्हणाला. पलीकडचा काठ दिसला? झुलाल घोटाळला, चपलेकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "धुकं व्हतं गुरुजी." गुणी पोरगा, असं तेव्हा वाटलं होतं... आता, दोन वर्षांनी, गुरुजींचे कान तापले.

"सुनंदा, इकडे ये. बाकीचं चित्र कुठे आहे?"

सुनंदा आली. दिवाळीच्या सुट्टीत ही सुरतेला मावशीकडे जाऊन आली होती, हे साऱ्या वर्गाला पाठ होतं.

"येवढंच शे गुरुजी."

"आणि काठ?"

"तठे पलीकडे काहीच नव्हतं. मी गंज येळ देखं. मावशीनी हाक मारी, तरी देखतच व्हती." तिनं मान वर केली. "तुम्हीनच सांगेल व्हतं ना, देखं ते काढा... मंग तुम्हीन देखा तो कोनता व्हता?"

एकोणचाळीस तोंडं वर. लाल पेन्सिलीनं एक शब्द लिहिला की प्रकरण मिटत होतं — अपूर्ण. पोरगी रडणार नाही, वाद घालणार नाही. उद्या निमूट काठ काढून आणेल, वर देऊळही काढेल. आणि मग पाहिलेलं पुन्हा कधी काढणार नाही... जशी कुंदा पुन्हा कधी बोलली नाही. गुरुजींना स्वतःची लाज वाटली, चांगली सणसणीत, आणि तीही शाळेच्या वेळात.

ते उठले. सरकारच्या खडू-फळा मोहिमेत आलेल्या नव्या फळ्यावर त्यांचा स्वतःचा समुद्र होता, रंगीत खडूंचा. त्यांनी डस्टर घेतला आणि पलीकडचा काठ पुसला. आधी झाडं, मग घरं, मग जमीन.

"गुरुजी, पानी वाही जाई!" आधार ओरडला. त्याला म्हशीची काळजी.

"जाऊ दे," गुरुजी म्हणाले, आणि आपला आवाज ऐकून त्यांनाच नवल वाटलं. मग सुनंदाकडे न पाहता, खडूची पूड झटकत, "तापी असेल ती. बहुतेक तापीच."

"हां," सुनंदा म्हणाली, आणि वही घेऊन जागेवर गेली. एवढंच? सोळा वर्षं आपण ज्याला भीत होतो ते एवढंच?

बाहेर चारची सुरत गाडी धूळ उडवत गेली. रोजच जाते. समुद्राचं काय, गाडीत बसलं की तो कधी ना कधी येईल... पण त्याआधी आज संध्याकाळी घर येणार, चूल येणार, तिच्यापाशी पाठमोरी बसलेली कुंदा येणार, आणि तिला म्हणायचं की त्या दिवशी तू काठावर जे म्हणालीस ना... कसं म्हणायचं? कुठून सुरुवात करायची? पुसलेल्या फळ्याकडे पाहता पाहता त्यांच्या तोंडात खारट चव आली, आणि ती काही पातळ नव्हती.