आत जाण्यापुरती तब्येत

नवऱ्याचा शर्ट भिजवण्याआधी तिने कॉलर हुंगली. मग बाही हुंगली. कसलाच वास नव्हता, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सिगारेट अशी अखंड, की कंपनीत सगळे त्याला धुराडं म्हणत. लग्नानंतर तिने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, पण त्याने ती सोडली नाही. आणि आता कुणी काही न बोलता सोडली होती. एवढंच नाही, पहाटे उठून तो चालायला जात होता. पालेभाजी मागून घेत होता. टीव्ही बंद करून वेळेवर झोपत होता. जन्म लिफ्टमध्ये गेलेला माणूस घरी जिन्याने चढून येत होता.

“काय चाललंय तुमचं?” तिने विचारलं.

“कुठे काय? तब्येत सांभाळलेली बरी.”

“कुणासाठी?”

“तब्येत काय कुणासाठी असते?” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीला तिने हे सांगितलं, तेव्हा मैत्रिणीने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, “पन्नाशी उलटल्यावर पुरुष सुधारतो का कधी? सुधारलाच, तर घरच्यांसाठी नाही सुधारत.”

त्या रविवारी दुपारी तो नवा शर्ट घालून निघाला. “एका इमारतीत लिफ्ट अडकलीय,” म्हणाला. हत्यारांची पिशवी मात्र दाराआडच राहिली होती. तिने पायात चपला सरकवल्या.

तो बसमध्ये बसला नाही, भराभर चालत राहिला. मागे तिला धाप लागली. तो एका मोठ्या इस्पितळात शिरला आणि जिन्याने वर गेला. वर बेसिनपाशी त्याने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. एक परिचारिका हसत आली, काहीतरी बोलली आणि त्याच्या मानेमागे मास्कची नाडी बांधू लागली. ‘म्हणजे ही,’ तिने मनाशी म्हटलं. 

तो काचेच्या दारातून आत गेला आणि ती तरातरा पुढे झाली. काचेपलीकडे खाटेवर एक बाई होती. डोक्यावर केस नाहीत, अंगावर मांस नाही. त्या बाईने नवऱ्याकडे बोट रोखलं, काहीतरी दटावलं, आणि त्याने लहान पोरासारखी मान खाली घातली. त्या रोखलेल्या बोटावरून तिने ओळखलं. नणंद.

“तुम्ही कोण यांच्या?” परिचारिकेने मागून विचारलं.

“भावजय.”

“हो का? मग नीट ऐका, यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच उरलेली नाही. साधी सर्दीही जिवावर बेतेल. तुमचे मिस्टर पहिल्यांदा आले तेव्हा खोकत होते. खोकला कसला, ते मला दारात कसं कळणार? परत पाठवलं. म्हणाले, मी काय करू म्हणजे आत सोडाल? मी म्हटलं, सिगारेट सोडा, चाला, वेळेवर जेवा-झोपा, हात धुवा. हे सगळ्यांनाच सांगते मी. पण इतकं मनावर घेणारा माणूस पाहिला नाही.”

एवढ्यात तिला शिंक आली. कारखान्यातल्या कापसाच्या बारीक तंतूंमुळे तिचं नाक कायम गळकं. परिचारिका दोन पावलं मागे सरली.

संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे ताट ठेवलं. “वन्सं आजारी आहेत हे मला का नाही सांगितलंत?”

त्याने उचललेला घास ताटात ठेवला. “तूच म्हणाली होतीस, या घरात तिचं नाव काढायचं नाही.”

म्हणाली होती खरी. सासू गेली त्या दिवशी नणंदेने सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट रोखून म्हटलं होतं, की सुनेने आईला उपाशी मारलं. खरं तर सासूने शेवटचा घास सुनेच्याच हातून खाल्ला होता.

“माझं काही विचारतात?”

“नाव घेत नाही. पण परवा माझ्या शर्टाच्या, तू केलेल्या काजांवर बोट फिरवत होती. म्हणाली, हात चांगला आहे.”

 दुसऱ्या दिवसापासून ती तोंडाला फडकं बांधून मशीनवर बसू लागली. उभ्याउभ्या चार घास कोंबायचं सोडून डबा बसून खाऊ लागली. पहाटे त्याच्याबरोबर चालायला निघू लागली.  मैत्रिणीने विचारलं, “काय गं, कळलं का कोण आहे ती?” ती म्हणाली, “घरचीच आहे.”

पुढच्या महिन्यात परिचारिकेने तिला नीट न्याहाळलं, घसा पाहिला आणि म्हणाली, “चला. पण एका वेळी एकच.”

नवऱ्याने हातातला मास्क तिला दिला.

आत नणंद डोळे मिटून पडली होती. चाहूल लागताच तिने डोळे उघडले आणि मास्कवरचे डोळे बराच वेळ निरखले.  मग नणंदेने पाय पोटाशी ओढून खाटेच्या कडेला जागा केली.

ती बसली. चादरीतून एक पाऊल उघडं पडलं होतं. तिने हातमोजा घातलेल्या हाताने ते धरलं, तर गार पडलेलं. तिने दोन्ही पावलं मांडीवर घेतली आणि हळूहळू चोळू लागली.

“जोरात चोळ,” नणंद म्हणाली.

काचेबाहेर नवऱ्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि तो तसाच उभा राहिला.