सात, अकरा, तेरा

"वैनी, त्या आकडेवाल्याले वसरीवर बसवू नोका. तो जाते त्या गावातून देवी टोचनारा रिकाम्या हातानं वापस येते," हिरीबाई सुईण मला म्हणाली होती. मी हसले. गणित घेऊन बी. ए. झालेली मी, आकड्यांना कशाला भिऊ?

तो आकडेवाला आमच्या धनजला आला पौषात, तुरी निघाल्यावर. मुलाला तीनदा तुरीच्या दाण्यांची चिमूट उचलायला लावायचा. माझ्या कुमुदने आधी चार दाणे उचलले, मग एक, मग सात. त्याने पाटीवर ४१७ लिहिले, त्याला लागूनच पुन्हा ४१७.

"चार लाख सतरा हजार चारशे सतरा. आधी सातानं भागा, मग अकरानं, मग तेरानं. बाकी न उरता मूळ आकडा परत आला, तर या पोरीला देवी येणार नाही. टोचायची गरजच नाही."

सात म्हणजे देवीच्या बहिणी, अकरा म्हणजे रुद्र, असे तो म्हणाला. तेरा कोण, ते त्याने सांगितले नाही.

हा लबाडी करणार, म्हणून पाटी मीच ओढून घेतली. तिन्ही भागाकार केले. शेवटी ४१७च आले, बाकी शून्य. "बरोबर आहे," मी सगळ्या बायकांदेखत म्हणाले. हीच माझी चूक.

त्या दुपारी सात मुलांचे आकडे मांडले. दर मुलामागे तो पायलीभर तूर घेई आणि काळा गंडा बांधी. शेवटी आमच्या वावरात कापूस वेचायला तांड्यावरून आलेली रामीबाई तिच्या लहानग्या रूपलाला घेऊन बसली. त्याचाही आकडा निःशेष भागला, तेव्हा मला खटकले. सातच्या सात?

तो गेल्यावर मी नुसता गुणाकार केला. सात गुणिले अकरा गुणिले तेरा, एक हजार एक. तीन अंकी कुठलाही आकडा एक हजार एकने गुणला की तोच दोनदा लिहून येतो. बाकी उरणारच कशी?

दोन दिवसांनी टोचणारा आला, तर बायकांनी पोरे लपवली. तो आकडा खोटा, टोचून घ्या, असे मी सांगू लागले.

"तुमीच तं म्हनलं ना, बरोबर हाय म्हनून!" शेजारच्या गोजराबाई माझ्यावरच उखडल्या. "आता काहून फिरून राह्यल्या?"

"तुमच्या शेळीच्या लेंड्या मोजा. तीन जागच्या."

आठ, दोन, पाच. ८२५८२५ मांडून मी सगळ्यांसमोर भागले. बाकी शून्य.

"घ्या! शेळीलेही गंडा बांधा आता," हिरीबाई ओरडली. बायका हसल्या. एकेक पोर बाहेर आले. पहिला दंड कुमुदचा पुढे केला.

रामीबाई मात्र त्याच सकाळी रिसोडकडच्या तांड्यावर निघून गेली होती. मी आमच्या गड्याकरवी, प्रेमसिंगाकरवी, निरोप धाडला. तो परत आला, म्हणाला, "ते म्हनते, वैनीनं सोता भागून पाह्यलं व्हतं. आता कायले टोचू?"

आता त्या भागात देवीची साथ आहे असे ऐकते. कुमुद अंगावर पिते, घरचे मला जाऊ देत नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणी रिसोडच्या बाजूला असाल, तर एवढे करा. रामीबाईचा रूपला, दीड वर्षाचा, उजव्या भुवईवर तीळ. त्याच्या दंडावर टोचल्याचे वण आहेत का, तेवढे पाहून या.