दोन कासविणींच्या मधे

ओस्तिओनाल गावच्या समुद्रकिनाऱ्यावर काळ्या वाळूत पालथं पडताना डेयानिराला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. ती मूळची इथलीच, पण लग्नानंतर निकोया शहरात गेली आणि तिथे लग्नाबारशांचे फोटो काढू लागली. यंदा निदिया मावशीने गळ घातली. मावशी पाहुण्यांना किनाऱ्यावर कासवं दाखवायला न्यायची.

"जो येतो तो फ्लॅश मारतो न् जनावरांना बुजवतो," मावशी म्हणाली होती. "तू गावची पोर. तू तरी एक धड फोटो काढून दे."

कृष्णपक्षातली रात्र होती. अशा रात्री इथे कासविणी अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, कधी तुरळक, कधी हजारोंनी एकदम. उजेडाने कासवं बुजू नयेत म्हणून डेयानिराने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळी पट्टी चिकटवली. समोरच्या कासविणीने अंडी घालायला सुरुवात केली, तशी ती तिच्या पाठीमागून कोपरांवर सरपटत जवळ गेली. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिने पाच-सहा फोटो घेतले. आता मागे सरकावं म्हणते, तोच शेजारी वाळूत पडलेल्या लांब ओंडक्याच्या टोकाआडून मावशीचा दबका आवाज आला.

"देया, हलू नकोस. मागून आणखी आल्यात."

"किती?"

"किती काय विचारतेस! पाय ठेवायला जागा उरली नाही."

मान वळवायच्या आत पोटऱ्यांवर ओझं चढलं. ओलं, गार, जड. समुद्राकडून आलेली एक कासवीण तिच्या पायांना लाकूडफाटा समजून वर चढली आणि तिथेच थबकली. मग मागच्या पायांनी खणू लागली, अगदी डेयानिराच्या टाचेलगत.

"मावशी, माझ्यावर बसलीय ही!"

"बसू दे. पाय ओढलास तर खड्डा ढासळेल. अंडी न घालताच माघारी फिरेल बिचारी."

"आणि माझा पाय मोडला म्हणजे?"

"चाळीस किलो असेल फार तर. तुझा नवरा हिच्याहून जड आहे."

एरवी डेयानिरा फिसकन हसली असती. आता ती दोन्ही बाजूंना वाट शोधत होती. डावीकडे ओंडका, उजवीकडे एकमेकींना ढकलत चाललेल्या पाठी. कवचावर कवच आपटल्याचा टकटक आवाज अंधारात सगळीकडून येत होता. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना. ओरडावं, लाथ झाडावी, उठून पळत सुटावं, असं शंभरदा मनात आलं. पण पळणार कुठे? पाऊल पडेल तिथे जनावर.

तेवढ्यात पुढच्या कासविणीची अंडी घालून झाली. ती खड्डा बुजवायला लागली आणि वाळूचे फटकारे डेयानिराच्या तोंडावर बसू लागले. नाकात वाळू, दातांत वाळू. डोळे मिटून तिने कॅमेरा छातीखाली ओढला. फटकारे थांबले म्हणून डोळे उघडले, तर कासवीण वळली होती. समुद्राकडे जायचं तर वाट डेयानिराच्या अंगावरूनच होती.

"मावशी, ही येतेय माझ्याकडे…"

"तोंड खाली घाल. श्वास हळू घे. मी आहे इथे."

मावशी चार हातांवर होती, पण मधे तीन कासविणी होत्या. तिलाही येता येत नव्हतं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

कासविणीचं डोकं डेयानिराच्या खांद्याला टेकलं. तिचा सुस्कारा कानात शिरला. चिकट पाण्याने माखलेला डोळा गालाला लागेल इतका जवळ होता. असा फोटो पुन्हा मिळाला नसता. कॅमेरा छातीखाली, हात कॅमेऱ्याखाली. डेयानिराने वाळू मुठीत गच्च धरली आणि मनात आईचं नाव घेत राहिली. कासवीण खांद्यावर चढली, पाठ खरवडत ओंडक्याच्या बाजूने उतरली आणि निघून गेली.

पायावरची मात्र गेली नाही. तिने अंडी घातली, वाळू लोटली आणि अंग डावी-उजवीकडे आपटून जागा चोपली. त्यातले अर्धे तडाखे डेयानिराच्या पोटरीवर बसले. ओठ चावून तिने ते सोसले. पाय मोकळे झाले तेव्हा उभं राहता येईना. ओंडक्यापर्यंत ती हातांवर सरपटत गेली. मावशीने तिला कुशीत ओढलं. उजाडेपर्यंत दोघींना तिथून हलता आलं नाही.

तीन फोटो चांगले आले. मावशी ते सगळ्यांना दाखवत सुटली.

डेयानिराच्या पोटरीचा निळा डाग पुढे पिवळा पडला, मग गेला. पण कित्येक रात्री नवऱ्याने झोपेत तिच्या पायावर पाय टाकला, की ती दचकून उठायची आणि घराचं दार उघडून, पुढची वाट मोकळी आहे ना हे बघत उंबऱ्यावर उभी राहायची.