न कातरलेला मुद्देमाल

मित्रांनो, मी एक जुना मुद्देमाल आहे. मुळात मी मेंढा. पण मेंढे जगात पुष्कळ आहेत, मुद्देमाल होण्याचा मान एखाद्यालाच मिळतो. म्हणून ओळख करून देताना मी मोठा हुद्दा आधी सांगतो.

माझा जन्म मोडनिंबजवळच्या एका माळावर झाला. आईने मला हुंगले आणि तोंड फिरवले. तेव्हा धनाजी नावाच्या मेंढपाळाच्या पोराने मला शेळीचे दूध बाटलीने पाजून वाढवले. त्याने माझे नाव ठेवले गुंड्या. आमच्यात एकच घोंगडे होते. त्यावर मी झोपायचो आणि धनाजी जमिनीवर.

पुढे त्याच्या वडिलांनी, बिरप्पांनी, मला बाजारात विकले. घेणारे होते सोलापूरच्या भवानी पेठेतले टॉवेलचे व्यापारी महादेवप्पा. त्यांनी माझे नाव टायगर ठेवले. मेंढ्याला टायगर म्हणण्यात काही चुकते आहे असे पेठेत कुणालाच वाटले नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही. सकाळी भिजवलेले हरभरे, गळ्यात घुंगरू आणि संध्याकाळी मालकाबरोबर पेठेतून फेरी, असा माझा थाट होता.

धनाजी मोठा झाला आणि टेम्पोतून कडबा घेऊन पेठेत येऊ लागला. एके दिवशी त्याने मला दारात बांधलेले पाहिले. तो "गुंड्या" म्हणाला, त्याने दावे सोडले आणि चालू लागला. मी त्याच्या मागून गेलो. कायदा याला चोरी म्हणतो, आणि कायद्याचे बरोबरच आहे, कारण मी आता महादेवप्पांचा होतो. मला विचारले असते तर मी सांगितले असते की मी त्याला पोचवायला निघालो होतो. पण मेंढ्याची साक्ष घेण्याची पद्धत नाही.

पोलिसांनी आम्हाला नाक्यावरच गाठले. धनाजी कोठडीत गेला आणि मी आवारात. तिथली शोभेची झाडे फार चविष्ट होती. त्यामुळे मला लवकरात लवकर मालकाच्या ताब्यात द्यावे यावर सगळ्या खात्याचे एकमत झाले. कोर्टाच्या हुकमाने महादेवप्पांनी माझ्यासाठी बाँड लिहून दिला. मुद्देमाल विकायचा नाही, बोलावले की हजर करायचा आणि त्याचे रूप बदलायचे नाही.

ही शेवटची अट महादेवप्पांनी मनावर घेतली. इतकी, की त्या दिवसापासून माझ्या लोकरीला कातर लागली नाही.

तिकडे धनाजीने कोर्टात गुन्हा सरळ कबूल केला. आता हा तुरुंगात जाणार, असे पेठेने ठरवूनही टाकले. पण न्यायाधीशांनी शिक्षा सुनावण्याआधी एका बाईंकडून अहवाल मागवला. त्या परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, शिवलीला मॅडम. मूळच्या बार्शीच्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात धुळीच्या चपला. त्या धनाजीच्या माळावर जाऊन आल्या. त्याच्या आईला, बाळाबाईंना, भेटल्या. शेजाऱ्यांना भेटल्या. मग आमच्या अंगणात येऊन बसल्या. मी त्यांच्या पिशवीचा बंद चघळला, त्यांनी तो नुसता बाजूला घेतला. मित्रांनो, माणूस ओळखायला मला एवढे पुरते.

"म्हणजे त्याला पॅरोल देणार काय?" मालकीणबाई सावित्रम्मांनी विचारले.

"पॅरोल आत गेलेल्याला मिळतो, आक्का. घरी कुणी फार आजारी असलं, काही अडचण असली, तर थोडे दिवस बाहेर यायचं आणि मुदत संपली की परत आत. हे त्याच्या आधीचं. पहिलाच गुन्हा, कोवळं वय. आत पाठवायच्या आधी बाहेरच सुधारतोय का ते बघायचं. मी लक्ष ठेवणार, त्यानं शब्द पाळायचा."

"अय्यो! चोराचा शब्द!" महादेवप्पा म्हणाले.

कोर्टाने मात्र तो शब्द घेतला. बिरप्पा जामीन राहिले. दोन वर्षे नीट वागायचे, मॅडमना नेमाने भेटायचे आणि फिर्यादीच्या घरात पाऊल टाकायचे नाही. अट मोडली तर राहून गेलेली शिक्षा ऐकायला कोर्टात उभे राहायचे. थोडक्यात, धनाजी आणि मी दोघेही बाँडवर. फरक इतकाच की त्याला रूप बदलायची मोकळीक होती.

खटला निकाली निघाला तसा माझा बाँडही संपला होता. मॅडमनी हे महादेवप्पांना दोनदा समजावले. पण ते म्हणाले, "तुम्ही सांगताय बरोबर. पण कोर्टाचं कुणी सांगावं? उद्या म्हणतील, मेंढा दाखवा. आणि आम्ही काय दाखवायचं, ह्याचा धाकटा भाऊ?"

मग सोलापूरचा उन्हाळा आला. माझा आकार एव्हाना गादीच्या दुकानासारखा झाला होता. सावित्रम्मा दुपारी मला टेकून शेंगा सोलत. दिसायला मी मोठा ऐटदार, पण लोकरीखाली गोचिडांनी गाव वसवले होते आणि मानेजवळ जखम चिघळत होती. मी हरभरे सोडले. महादेवप्पांना वाटले, मी गर्विष्ठ झालो.

त्यातच महादेवप्पांचा चष्मा हरवला. त्यांनी मॅडमना बोलावून घेतले.

"तो पोरगा येऊन गेला. चष्मा नेला."

"चष्मा नेऊन तो काय करणार, अण्णा?"

"सवय हो, सवय! एकदा हात लागला की लागला."

"बघितलं का कुणी?"

"चष्मा नसताना कसं बघणार?"

मॅडमनी तक्रार नोंदवून घेतली. धनाजीचे बाहेर राहणे आता एका चष्म्यावर अडकले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गाढवाने अकलेचे काम केले. गाढव म्हणजे धनाजी. कडब्याची खेप टाकताना गल्लीतून त्याने मला पाहिले. भर दुपारी, पेठ जेवून आडवी झालेली असताना, तो भिंतीवरून अंगणात उतरला. हातात लोकरीची कातर. कातर सरसर चालू लागली. एकेक थर गळत गेला आणि वारा नावाची गोष्ट असते हे मला आठवले. तो जखम धूत असतानाच सावित्रम्मा बाहेर आल्या.

"री!" त्यांनी नवऱ्याला कानडी हाक दिली. "टायगर गेला! हितं कुणीतरी बकरं बांधलंय!"

महादेवप्पांनी धनाजीची गचांडी धरली. तो पळाला नाही. सावित्रम्मांच्या फोनवर मॅडम आल्या, तेव्हाही तो मला धरूनच उभा होता. आणि त्या त्याच्यावर अशा कडाडल्या की मीसुद्धा मान खाली घातली.

"इथं पाऊल टाकायचं नाही, हे ठाऊक होतं ना?"

"व्हय. पर मॅडम, ह्येच्या मानंत अळ्या झाल्यात की."

"मग मला फोन लावायचा की रे!"

"लावला आसता तर तुमी थांब म्हणला आसता."

"म्हणलेच असते! आणि अर्ध्या तासात डॉक्टर घेऊन दारातून आले असते. चांगलं काम भिंतीवरून उडी मारून करायचं नसतं, धनाजी."

तो रडवेला झाला. "ह्ये कोर्टाला सांगनार व्हय?"

"सांगणार. झाकलं तर उद्या माझ्या शब्दाला कोर्टात कोण विचारेल? आणि माझ्याच शब्दावर तू बाहेर आहेस."

शेजारचे माग खटखटत होते. सावित्रम्मा पडलेली लोकर गोळा करू लागल्या आणि एकदम थांबल्या. लोकरीच्या गुंत्यातून त्यांनी आधी आपला कंगवा काढला. मग टीव्हीचा रिमोट. मग मूठभर शेंगा. आणि शेवटी, दांडीला गोचीड लागलेला, महादेवप्पांचा चष्मा.

मित्रांनो, त्या घरातला चोर मी होतो.

महादेवप्पांनी एका हाताने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग त्यांना माझ्या मानेची जखम दिसली. ते माझ्याजवळ वाकले. "अय्यो, टायगर," एवढेच म्हणाले. त्यांच्या हातातली धनाजीची कॉलर कधी सुटली, ते त्यांनाही कळले नाही.

मॅडमनी अहवालात सगळे लिहिले. उडी, कातर, जखम आणि चष्मा. कोर्टात महादेवप्पा स्वतः उभे राहून म्हणाले, "साहेब, चष्म्याचा आळ मी उगाच घेतला. पोरगं आत घालू नका. मेंढा याच्याशिवाय कुणाला कातरू देत नाही." अट मोडली म्हणून न्यायाधीशांनी समज दिली आणि दंडही केला. पहिल्या चुकीला कायद्यात दंड इतका छोटा आहे की त्यात माझी एक वेळची न्याहारीही भागणार नाही. बाँड मात्र कायम राहिला. मॅडमच्या शिफारशीवरून अटही थोडी बदलली. मालक बोलावतील तेव्हा धनाजीने यावे, पण दारातून.

आता मी म्हातारा झालो आहे. धनाजीची दोन वर्षे केव्हाच सरली आणि आज त्याला कुठलीही अट नाही. लोकर वाढली की तो येतो. दार सताड उघडे असते, तरी उंबऱ्याबाहेर थांबून कडी वाजवतो.

"उघडंच हाय की रे, ये!" सावित्रम्मा आतून ओरडतात.

"व्हय आक्का," तो म्हणतो, आणि आणखी एकदा वाजवतो.

मित्रांनो, कुणी तुमच्यावर विश्वास टाकला तर तो असा जपा. आणि तुमच्या दारात एखादा मेंढा असेल तर त्याला वेळेवर कातरा. तुमची एखादी हरवलेली वस्तू बहुधा त्याच्याकडेच असेल.