आटले, पण हटले नाही

मी एक जुनी, काळी घोंगडी आहे आणि मी टोचते. हे आधीच सांगून टाकते मित्रांनो, म्हणजे नंतर कुरकुर नको. कोकरांच्या जावळाच्या मऊ लोकरीचे लाड माझ्या वाट्याला आले नाहीत. मी थोराड मेंढ्यांच्या लोकरीची. सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ दिली, आणि अणदूरच्या रामलिंगने मला खांद्यावर टाकले. तेव्हापासून मेंढरांमागे ऊन, वारा, पाऊस सारे मीच अंगावर घेतले. त्याबद्दल कुणी हार घातला नाही, मी मागितलाही नाही.

रामलिंगची लेक निकिता माझ्यावरच रांगायला शिकली. पण ही पोर पळायला लागली की तिचे ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, हृदयाला भोक आहे, ऑपरेशन करावे लागेल. झाले! भावकीत ज्याला त्याला तोंड फुटले.

"पोरीच्या छातीला कशाला कातर लावतीस? देवाच्या मनात आसंल तसं हुईल," एक जण दारात येऊन म्हणाला.

निकिताची आई अयोध्या भाकरी थापत होती. तिने मानही वर केली नाही. "देवाचं मी बघून घेते. तुमी निगा," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून ती बाई मला आवडते.

सोलापूरच्या इस्पितळात ऑपरेशन झाले. ते चालले होते तेवढा वेळ अयोध्या बाहेर माझ्यावर बसून होती, पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. पुढे निकिताला वॉर्डात आणले, तेव्हा तिची आजी, म्हणजे अयोध्याची सासू दैवशालाबाई, हिने मोठ्या मायेने मला तिच्या अंगावर पसरले. पण येताना आजीने माझ्या घडीत खंडोबाचा भंडारा भरून ठेवला होता! हळदीची पिवळी धूळ उडाली ती थेट छातीच्या पट्टीपर्यंत.

सिस्टर धावत आल्या. "जखमेत गेलं म्हणजे? हे आधी बाहेर न्या!"

त्यांचे बरोबरच होते. पण मला 'हे' म्हणाल्या, ते माझ्या मनाला लागले. मी जिन्यात पडून राहिले.

तिकडे वॉर्डात निकिता खोकेना. छातीत कफ साचत होता. तो खोकून बाहेर पडला नाही तर पोरीला पुन्हा श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो, असे सिस्टर परोपरीने शिकवत होत्या. पोर उशी ढकलून द्यायची. "मला माजी घोंगडी पायजे," हा एकच धोशा.

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "उकळत्या पाण्यात धुवा, खडखडीत वाळवा, मग मी स्वच्छ अभ्रा देते."

गरम पाण्यात घोंगडी घालायची नसते, लोकर आटते, हे आमच्याकडे रांगत्या लेकरालाही ठाऊक असते. "आटली तर आटू दे," रामलिंग म्हणाला आणि त्याने मला उकळत्या पातेल्यात बुडवले. काय सांगू मित्रांनो! खळ गेली, अंग आखडले, बाहेर आले ती पार आखूड, जाडजूड होऊन. वाळल्यावर माझी घडी अभ्र्यात गेली आणि मी पुन्हा वॉर्डात शिरले.

निकिताने मला छातीशी धरले. पण खोकायचे म्हटले की डोळ्यांत नुसते पाणी. आजी कळवळली. "निजू दे गं पोरीला."

"न्हाय आत्या. तुमी जरा भाईर बसा," अयोध्या म्हणाली. आणि भर वॉर्डात तिने आरोळी ठोकली, "येळकोट येळकोट!"

खंडोबाची ही हाक कानावर आली की आमच्याकडे उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. निकिता पुटपुटली, "जय मल्हार."

"ऐकू आलं न्हाय. येळकोट येळकोट!"

"जय मल्हार..."

"आगं, अणदूरपतुर जायला पायजे आवाज!"

पोरीला आला राग. तिने मला करकचून आवळले, छातीभर श्वास घेतला आणि "जय मल्हार!" म्हणून ओरडली. त्यातच खोकला फुटला. तिची कळ माझ्या लोकरीत शिरली आणि मी ती घट्ट धरून ठेवली. कफ सुटला. सिस्टरांनी भांडे पुढे केले आणि म्हणाल्या, "दुपारी परत घ्या. फक्त जरा हळू."

आता रामलिंगचे गुडघेही माझ्याने झाकवत नाहीत. "टाका की उकिरड्यावर," म्हणणारे भावकीत आहेतच. टाकून तर बघा! मित्रांनो, जुने झाले, आखूड झाले म्हणून कुणाला टाकू नका. आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याच्यापुढे सुस्कारे सोडू नका. त्याला हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत हटू नका.

यंदा अणदूरच्या जत्रेत निकिता मला खांद्यावर टाकून पळत पळत सगळ्यांच्या पुढे गेली. ओठ लालचुटूक. देवळाच्या दारात ती वळली आणि ओरडली, "येळकोट येळकोट!"

अयोध्याने तोंड उघडले, पण शब्द फुटेना. इस्पितळात एकदाही न रडलेली ती बाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"आई, ऐकू आलं न्हाय!" निकिता म्हणाली. "आजून एकदा!"