जिंकण्याआधीच वाजलेली घंटा

मित्रांनो, दुसऱ्या कुणी दोर ओढला तरच मला बोलता येतं. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मार्लो क्रीक गावी, कॉलेजच्या मैदानाबाहेर लाकडी चौकटीत टांगलेली मी एक जुनी काशाची घंटा आहे.

भट्टीतून निघाले ती थेट चर्चच्या मनोऱ्यात गेले. कुणाचं लग्न असो, कुणाची मूठमाती असो, मी सगळ्यांसाठी वाजत असे. देवाच्या दारात हार-जीत मला ठाऊक नव्हती. पुढे ते चर्च बंद पडलं आणि गावानं मला कॉलेजच्या फुटबॉल संघाला दिलं; चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकी फुटबॉल. रीत एकच ठरली. घरच्या मैदानावर सामना जिंकला की घंटा वाजवायची. एरवी दोराला हात लावायचा नाही.

सदतीस वर्षं तो दोर वेंडेल स्ट्रूप यांच्या हाती होता. सामन्याच्या दर शनिवारी ते माझ्या आसाला तेल घालत. त्यांची बायको आर्लीन शेजारी घडीच्या दोन खुर्च्या टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिली नावाचा राजमा-खिम्याचा गरम रस्सा आणि दालचिनीचे रोल वाटत बसे. जिंकल्यावर मुलं माझ्याखाली नाचत. ते आठवलं की अजून अंग शहारतं.

मग संघ हरू लागला. दोन वर्षांत मी तीनदाच वाजले. कोळ्यांनी माझ्या पोटात जाळी विणली. जुन्या कोचना काढलं आणि डिसेंबरात कोल हॅव्हर्टी हे नवे मुख्य कोच आले. स्वागताला अख्खं गाव माझ्यापाशी लोटलं.

"हा माणूस आपल्याला वर काढणार बघ!" एक जण म्हणाला.

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास," दुसरा म्हणाला. "चांगला निघाला तर मोठं कॉलेज पळवेल, वाईट निघाला तर आपल्याच गळ्यात राहील."

वेंडेल मात्र हरखून गेले होते. त्यांचा उजवा खांदा पार झिजला होता. येता मोसम शेवटचा, पुढे दोर ओढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा, फक्त एकदा जिंकल्यावर मला वाजवून मगच त्यांना दोर सोडायचा होता. त्या आशेच्या भरात त्यांनी दोर कोचच्या हाती दिला.

"ओढा, कोच. शकुनाचं."

"वेंडेल, अरे थांब!" आर्लीन ओरडली. "एक तरी सामना झालाय का अजून?"

कोचना रीत ठाऊक नव्हती. त्यांनी दोर ओढला. मला थांबता येईना. मी ठणठणून वाजले, आणि गर्दीतले लोक एकमेकांकडे बघू लागले.

पुढच्या शरद ऋतूत संघ घरचे चार सामने ओळीनं हरला.

"घंटेनं घात केला!" लोक म्हणत. "म्हाताऱ्याला एवढा धीर धरवला नाही?"

कुणीतरी माझ्या पोटातला लोळा गोणपाटानं बांधून टाकला. चेंडू खेळाडूंच्या हातून निसटतो, त्यात वेंडेलचा काय दोष, असं मला ओरडून सांगायचं होतं. कसं सांगणार?

घरचा शेवटचा शनिवार आला. वेंडेलनी गोणपाट सोडलं, डाव्या हातानं तेल घातलं. शेवटच्या क्षणी संघ एका गुणानं मागे होता. चेंडू लाथेनं दोन खांबांमधून पार झाला की जिंकले. चेंडूला लाथ बसली. वेंडेलनी दोर मनगटाला गुंडाळला. मैदानातला कल्लोळ चढत गेला... आणि धपकन बसला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता.

लोक गाड्यांकडे निघाले. जरा वेळानं कोच माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मिस्टर स्ट्रूप, माझ्यापायी तुम्हालाही बोलणी खावी लागली."

"तुम्हाला निदान कॉलेज काढेल, कोच," वेंडेल म्हणाले. "मला तर माझाच खांदा काढतोय."

"रोल घ्या, कोच," आर्लीन म्हणाली. "पुष्कळ उरलेत. हरल्यावर कुणी खात नाही."

दोर अजून वेंडेलच्या मनगटाला गुंडाळलेलाच होता. एकच हिसका हवा होता. पण रीत त्यांनी दुसऱ्यांदा मोडली नाही, आणि मला स्वतःला तो हिसका देता येत नाही. त्यांनी दोर खुंटीला अडकवला, माझ्या थंड अंगावर तळवा टेकवला आणि ते गेले.

मित्रांनो, नव्या माणसाकडून आशा जरूर धरा. पण ती फसली की तिचं ओझं मुक्या वस्तूवर आणि थकल्या माणसावर टाकू नका. माझ्या आसाला तेल घालत जा. कधीतरी जिंकाल, तेव्हा दोर दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. त्या दिवशी आर्लीनशेजारची ती दुसरी, वेंडेलची खुर्ची माझ्या अगदी जवळ मांडा.